जंगल बसून बघायची गोष्ट नाही

मुंबई उपनगर ज्या जमिनीवर वसलंय ते एक बेट आहे, हे मला बोरिवलीत राहायला येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी आणि उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. रोज लोकलला लटकणाऱ्या माणसाला आपण बेटावर आहोत हे कळायचं काही कारण नसतं. ते कळतं डोंगरावर गेल्यावर. या बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, त्यांच्यावर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि त्यातलं सगळ्यात उंच टोक साधारण ४६८ मीटरचं आहे.

पावसाळा संपता संपता आम्ही पंधरा जण त्या टोकावर गेलो. परवानगी काढलेली, सोबत माहीतगार गाइड, सकाळी लवकरची वेळ. सह्याद्रीतले शिखरवीर ४६८ हा आकडा ऐकून हसतील. पण वर पोचलो आणि एका बाजूला विहार, दुसऱ्या बाजूला तुळशी तलाव दिसला. पश्चिमेला इमारतींच्या दाटीपलीकडे खाडीची चकाकती रेघ आणि तिच्याही पुढे समुद्र. दीड-दोन कोटी माणसांच्या शहराच्या बरोबर मध्ये उभं राहून आपण पान हललं तरी ऐकू शकतोय, हे अंगावर येणारं होतं.

खाली उतरताना गाइडनं विचारलं, "तुम्ही कुठले?"

"पवनी. भंडारा जिल्हा."

"अरे, जय वाघाचं पवनी! म्हणजे तुम्ही तर लहानपणापासून जंगलात फिरलेले असणार."

मी "हो" म्हणालो. ती थाप होती.

माझ्या तालुक्यातल्या जंगलात मी आयुष्यात एकदा गेलोय. जिप्सीत बसून, पाच नातेवाइकांसोबत, तीन-साडेतीन तास. पाय एकदाही जमिनीला लागले नाहीत. मुंबईच्या जंगलातल्या वाटा मला माझ्या घराजवळच्या जंगलापेक्षा जास्त ठाऊक आहेत. ही माझ्या एकट्याची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण पवनीत, उमरेडमध्ये, भिवापुरात, कुहीत माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, बहुतेकांचं उत्तर हेच येईल. म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे: पूर्व विदर्भातलं जंगल आपण जिप्सीच्या सीटला गहाण टाकलंय. त्यात पायी चालायची वाट परत मागायला हवी, आणि ती आपल्या पिढीनं मागायला हवी.

कायदा काय म्हणतो

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण १८९ चौरस किलोमीटर, नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. पर्यटकानं आत जायचं तर जिप्सीतून. हे इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला वाटतं, कायदाच तसा असेल.

तो तसा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणीही उठून शिरू शकत नाही, आणि हे बरोबरच आहे. कलम २८ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षकाला कोणत्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो ते सांगितलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि अभयारण्यात राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन त्या यादीत आहे. ते बसूनच करायचं, असं ते कलम म्हणत नाही. जिप्सी ही प्रशासनानं सोयीसाठी निवडलेली पद्धत आहे. सोय बदलता येते. फक्त कुणीतरी मागणी करावी लागते, आणि आपण ती कधी केलीच नाही.

एका जंगलाच्या गेटवर मी एकदा विचारलं होतं, "पायी जायला काही वाट आहे का? गाइड घेऊन?" खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सिनेमागृहात उभं राहून सिनेमा बघायची परवानगी मागतोय. मागच्या रांगेतला एक जण हसला. म्हणाला, "भाऊ, पायी जाऊन काय करता? वाघ कसा दिसन?"

या प्रश्नातच सगळं आलं. जंगल म्हणजे वाघ, वाघ म्हणजे दिसणं आणि दिसणं म्हणजे फोटो. वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर परत येताना गाडीत सुतक. अर्जुनाची साल कशी दिसते, येन कुठला आणि धावडा कुठला, रानकोंबडा कुठून ओरडतो, वाळवीच्या वारुळावर अस्वलाची नखं कशी उमटतात, हे कुणी विचारत नाही, कारण वीस किलोमीटरच्या वेगानं जाणाऱ्या गाडीतून हे दिसतच नाही.

गाडी निरुपद्रवी असते, हा गैरसमज

पायी चालण्याच्या विरोधातला नेहमीचा युक्तिवाद असा की गाडीमुळे माणूस शिस्तीत राहतो आणि प्राण्यांना त्रास होत नाही. याचं उत्तर आपल्याच अभयारण्यानं दिलंय.

३१ डिसेंबर २०२४. वर्षाचा शेवटचा दिवस, गर्दी तुफान. गोठणगाव गेटच्या भागात 'एफ-२' नावानं ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली. पुढून गाड्या लागल्या, मागून गाड्या लागल्या. वाघीण आणि पिल्लं मध्ये. त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील, कदाचित फॉरवर्डही केले असतील. नंतर चालक आणि गाइड निलंबित झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

शिक्षा चालकाला आणि गाइडला झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवर उभं राहून "अजून थोडी पुढे घ्या ना" म्हणणारे कोण होते? ते आपण होतो. गाडीत बसलेल्या माणसाला भीती नसते, आणि भीती नसली की लाजही सुटते. पायी चालणारा माणूस वाघिणीची वाट अडवत नाही. त्याची छाती होत नाही. तो थांबतो, मागे सरकतो, वाट सोडतो. जंगलात कसं वागायचं हे माणसाला पाय शिकवतात.

आणि जयचीच गोष्ट घ्या ना. ज्याच्यामुळे पवनीचं नाव देशभर गेलं तो जय मूळचा नागझिऱ्याचा. २०१३ मध्ये तो इकडे आला. मधे शेतं, गावं, नदी-नाले, हमरस्ते. सगळं पायी ओलांडून आला. एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाच दिसला नाही. त्याच्या नावावर कितीतरी गाड्या धावल्या, हॉटेलं उभी राहिली, पोस्टर छापली गेली. तो ज्या वाटेनं आला ती वाट कशी होती, हे मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? नागझिरा ते पवनी हा पट्टा आज सलग आहे की कुठे तुटलाय, हे जिप्सीच्या फेरीत कळत नाही. नकाशा घेऊन, कडेकडेनं, गावागावातून चाललं तरच कळतं.

या जंगलात पायी कोण चालतं?

"पायी जाणं धोक्याचं आहे," असं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. आज या जंगलात पायी कोणीच चालत नाही का?

माझी मावशी चालते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन ती मोहफुलं वेचायला जाते. मे महिन्यात अख्खं गाव तेंदूपानं तोडायला जातं, कारण तेंदूच्या फळीवर मिळणाऱ्या पैशावर पेरणीचं बियाणं ठरतं. गुराखी चालतो. वनरक्षक चालतो, हातात काठी घेऊन, महिन्याच्या पगारावर, आणि दर चार वर्षांनी वाघांची गणना येते तेव्हा ठरलेल्या रेषेवर सकाळी सकाळी पायी जाऊन तोच खुणा मोजतो. यातले काही जण परत येत नाहीत. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपानं वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसं मेल्याच्या बातम्या तुम्ही दरवर्षी वाचता.

म्हणजे पोटासाठी पायी जाणाऱ्याला जंगल खुलं आहे, धोका त्याचा त्यानं बघायचा. बघायला-शिकायला जाणाऱ्यानं मात्र गाडीतच बसायचं. धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण या व्यवस्थेमुळे तो कमी झालेला नाही. तो फक्त गरिबाच्या वाट्याला गेलाय आणि आपल्या नजरेआड झालाय. माझ्या तालुक्यातला कॉलेजचा पोरगा जर गाइडसोबत त्या वाटेनं एकदा चालला, तर मावशी रोज पहाटे काय जोखीम घेते ते त्याला कळेल. मग वाघानं माणूस मारल्याची बातमी आली की तो मोबाइलवर "माणसंच जंगलात घुसतात" असं लिहिणार नाही.

वाघ आहे, मान्य. मग पेरियारमध्ये काय आहे?

सगळ्यात मोठा आक्षेप असा: साष्टीच्या बेटावर बिबटे आहेत, आमच्याकडे वाघ आहे. तुलना कशी करता?

आक्षेप योग्य आहे. बिबट्या आणि वाघ यांत फरक आहे, आणि अभयारण्याच्या गाभ्यात कुणालाही मोकळं सोडा असं मी म्हणतच नाही. पण "वाघ असेल तिथे पायी जाताच येत नाही" हे विधान साफ खोटं आहे. केरळातलं पेरियार हे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, ९२५ चौरस किलोमीटरचं. तिथे पर्यटक पायी जातात. त्यांना नेणारे काही गाइड एके काळी त्याच जंगलातून झाडांची साल चोरून विकणारे, शिकार करणारे लोक होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी वनविभागानं त्यांना पकडून नुसतं तुरुंगात टाकण्याऐवजी त्यांची समिती केली. चोरवाटा त्यांना पाठ होत्याच. त्याच वाटांवर ते आता छोट्या गटांना नेतात, सोबत वनविभागाचा बंदूकधारी रक्षक असतो, आणि पर्यटन नसेल तेव्हाही गस्त चालू राहते.

केरळ लांब वाटत असेल तर आपल्या शेजारी बघा. मध्य प्रदेशातला सातपुडा व्याघ्र प्रकल्प नागपूरहून काही तासांवर आहे. तिथे पायी सफारी चालते. आणि त्याच सातपुड्यात पचमढीला नागपंचमीच्या दिवसांत नागद्वारला जाणारे, महाशिवरात्रीला चौरागडचा डोंगर चढणारे लोक कुठले असतात? मोठ्या संख्येनं आपल्याच विदर्भातले. माझी आजी खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाला गेली होती. तिच्या पायात रबरी चप्पल, पोटात भाकर आणि वर हजाराहून जास्त पायऱ्या. तिला कुणी ट्रेकर म्हटलं नाही. मी एकदा तिला विचारलं, "आजी, भेव नाही लागला का?" ती म्हणाली, "पाय हायेत तं डोंगर हाये, बाबू. भेव घरी बसल्यावर लागते."

म्हणून "विदर्भात ट्रेकिंगची परंपरा नाही" हे पुण्या-मुंबईचं वाक्य आपण बिनदिक्कत मानून घेऊ नये. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सातपुडा पायाखाली घातला त्यांना परंपरा नाही, आणि विंडचिटर घालून शनिवारी हरिहरच्या पायऱ्यांवर रांग लावणाऱ्यांना आहे?

मराठीत जंगलावर जे लिहिलं गेलं त्यातलं चांगलं बरंचसं आपल्याच मुलखात, पायी हिंडून लिहिलं गेलंय. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले, रोज पायी भटकले आणि 'नागझिरा' लिहिलं. तेव्हा नागझिरा भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत नवेगावच्या रानात वर्षानुवर्षं चालले, माहीतगार गावकऱ्यांकडून पाखरांची नावं शिकले, आणि ती मराठीला दिली. माडगूळकर आज आले असते तर त्यांना सकाळच्या फेरीचं ऑनलाइन बुकिंग करावं लागलं असतं, आणि साडेतीन तासांत लिहिण्यासारखं काय सापडलं असतं देव जाणे.

बेटावरचं जंगल कसं टिकलं

परत साष्टीकडे येतो, कारण तिथून शिकण्यासारखं बरंच आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात ३५ बिबटे मोजले गेले. चारही बाजूंनी शहर. २००४ मध्ये तिथे बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसं मेली. तेव्हा सोपा मार्ग होता: जंगल बंद करा, बिबटे पकडून न्या. पुढच्या वर्षांत अभ्यासकांनी दाखवलं की बाहेर पकडलेले बिबटे आणून सोडणं हेच संकटाला खतपाणी घालतं. मग वनविभाग, अभ्यासक आणि साधे नागरिक यांनी मिळून २०११ पासून वस्त्यांमध्ये जाऊन बोलायला सुरुवात केली. कचरा कसा ठेवायचा, रात्री लेकरांना एकटं का सोडायचं नाही, बिबट्या दिसला तर गर्दी का करायची नाही. जंगल बंद झालं नाही. आजही सकाळी हजारो लोक आत पायी येतात. कान्हेरीच्या शंभराहून जास्त लेण्यांपर्यंत चालत जातात. मार्गदर्शकांसोबत शिलोंड्याच्या वाटेवर शाळेची मुलं जातात.

याचा उपयोग काय झाला? ऑक्टोबर २०१९ मध्ये या जंगलाला लागून असलेल्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली. त्या रात्री जी पोरं रस्त्यावर आली, ज्यांना पोलिसांनी उचललं, त्यांची बाजू तुम्हाला पटो वा न पटो. पण आरे म्हणजे काय हे त्यांना पायांनी माहीत होतं. तिथल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना तर ते त्याहून जास्त माहीत होतं. पुढे त्यातला काही भाग राखीव वन म्हणून जाहीर झाला.

आता आपल्याकडे बघा. उद्या पवनीच्या जंगलातून रस्ता गेला, कालवा गेला, खाण आली, तर कोण रस्त्यावर येईल? जिप्सीचे मालक? ते दुसऱ्या गेटवर गाड्या लावतील. नागपूर-पुण्याचे पर्यटक? ते ताडोबाला जातील. राहिलो आपण. आणि आपल्याला तर तिथली एकही वाट माहीत नाही. ज्या जागेत आपण कधी चाललो नाही ती गेली तरी आपल्याला कळणार नाही.

या बेटावरचा माणूस जे करतो ते आणखी एका बेटावर फार शिस्तीत चालतं. उत्तर अंदमानात डिगलीपूरजवळ सॅडल पीक आहे. ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सगळ्यात उंच शिखर. समुद्रकिनाऱ्याच्या कडेकडेनं वाट सुरू होते आणि घनदाट पावसाळी जंगलातून वर चढते. राष्ट्रीय उद्यान आहे, परवाना लागतो, गाइड घ्यावा लागतो. पण जायचं पायी. तिथे कुणी शिखरापर्यंत गाडीचा रस्ता मागत नाही. जंगल जपायचं म्हणून माणसाला चालण्यापासून तोडावं लागत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याच देशात आहे.

आता आपल्या बाजूचा कचरा

इथपर्यंत ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्यासाठी पुढचा भाग आहे.

वनविभागाला आपला धसका का वाटतो? कारण आपण तसे वागतो. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर सुट्टीच्या दिवशी काय अवस्था असते ते सगळ्यांना माहीत आहे. मॅगीची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, ब्लूटूथ स्पीकर, शिडीवर रांग, वर पोचल्यावर झेंडा, रील आणि परत. एक वाट रीलमधून गाजली की दोन पावसाळ्यांत तिची पार वाट लागते. आपण "शिखर सर केलं" म्हणतो. सर करणं हा लढाईतला शब्द आहे, आणि आपण डोंगराला खरोखरच जिंकलेल्या गावासारखं लुटून येतो. वाघिणीला घेरणारी जिप्सी आणि शिखरावर केक कापणारा ग्रुप यांच्यात मला फार फरक दिसत नाही. दोघांनाही समोरची जागा फक्त मागे बॅकग्राउंड म्हणून हवी असते.

ही संस्कृती जर पवनीच्या जंगलात आणायची असेल, तर फाटक बंद राहिलेलं बरं. म्हणून मागणी करताना अटी आपणच घालून घ्यायला हव्यात. एका गटात आठ-दहाच माणसं. सोबत दोन माहीतगार गाइड आणि एक वनरक्षक. वाट आखलेली, गाभ्याबाहेरची. मोहफुलांच्या आणि तेंदूच्या हंगामात पहाटे बंद, म्हणजे वेचणाऱ्यांच्या आणि प्राण्यांच्या मधे आपण येणार नाही. पावसाळ्यात बंद. वाघीण पिल्लं घेऊन त्या भागात असेल तर बंद. फोन खिशात. ज्याला हे जमत नाही त्यानं येऊ नये.

चालणाऱ्या गाइडला कर्ज लागत नाही

यात पैशाचा हिशेबही आहे, आणि तो गावातल्या पोरांनी नीट समजून घ्यावा.

जिप्सी घ्यायची तर लाखो रुपये लागतात. ते ज्याच्याकडे असतात त्यालाच धंदा जमतो. गावातला पोरगा फार तर त्या गाडीवर चालक होतो किंवा पुढच्या सीटवर गाइड. वाघ दिसला नाही तर शिव्या त्याला, वाघ फार जवळून दाखवला तर निलंबन त्याला. पायी वाटेवर मात्र भांडवल म्हणजे ज्ञान. कोणत्या झाडाला चारोळी लागते, पगमार्क ताजा की कालचा, माकड कधी उगीच ओरडतं आणि कधी इशारा देतं, हे ज्ञान आज गावात आहे. गुराख्याकडे आहे, माझ्या मावशीकडे आहे. पुढच्या पिढीकडे नसेल, कारण आम्ही ते शिकलोच नाही. बारावीनंतर आम्ही विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो.

आणि पवनीत चालायला फक्त जंगलच आहे असंही नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये पुरातत्त्व खातं आणि नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं, आणि इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप सापडला. गावाभोवती जुना परकोट आणि खंदक आहे, वैनगंगेचे घाट आहेत. तालुक्यात गोसीखुर्दचं धरण आहे. वरच्या अंगाला अंभोऱ्याला नदीकाठी टेकडी आहे, देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तिथे रचल्याची एक परंपरा आहे. त्या टेकडीवर चढून संगम बघायची वाट आता मागे पडते आहे, कारण शेजारी २०२४ मध्ये भव्य पूल सुरू झाला आणि त्याच्या मनोऱ्यात उंचावर गॅलरी केलीय. पूल हवाच होता, लोकांचा फेरा वाचला. पण उंचावरून बघायचं तर पैसे घालून काहीतरी उभारावंच लागतं आणि शेजारची टेकडी कुणी बघतही नाही, हे आपल्या पर्यटनाचं दुखणं त्यात दिसतं.

परकोट, टेकडी, घाट, मग जंगलाची कड, आणि शेवटी परवानगीनं आखलेली एक रानवाट. दोन दिवसांची पायी फेरी सहज होते. यात सिमेंट ओतावं लागत नाही, सेल्फी पॉइंट लागत नाही.

तेव्हा करायचं काय? पहिल्यांदा, परवानगी लागत नाही तिथून सुरुवात करा. या दिवाळीत घरी गेलात तर पहाटे उठून परकोटाभोवती एक चक्कर मारा, सोबत गावातला एखादा म्हातारा माणूस घ्या, त्याला बोलू द्या. मग चार जण मिळून ग्रामसभेत विषय मांडा: आमच्या हद्दीतल्या जंगलाच्या कडेनं एक पायवाट, आमच्या पोरांना गाइडचं प्रशिक्षण, आणि वर लिहिलेल्या अटी. ठराव करून वनविभागाला द्या. कलम २८ चा उल्लेख करा. नाही म्हणाले तर लेखी कारण मागा. कारण पटण्यासारखं असेल तर माना, नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा मागा.

मी येत्या उन्हाळ्यात मावशीसोबत जाणार आहे. पहाटे, मोहफुलं वेचायला, तिच्या नेहमीच्या झाडांपर्यंत. तिनं फोनवर दोन अटी घातल्या आहेत: बडबड करायची नाही आणि ती थांब म्हणाली की थांबायचं. पुढच्या वेळी कुणी "पवनीचे का?" म्हणून विचारलं तर मला थाप मारायची नाहीये.